मांगेरेच्या सामोअन आजी

महोदय,

परदेशस्थ मराठी कुटुंबांविषयी आपल्या रविवार पुरवणीत येणारे लेख मी ऑकलंडमध्ये आवर्जून वाचते. त्यांत न्यूझीलंडचा विषय निघाला की तो निसर्ग, नोकऱ्या आणि गणेशोत्सव यांपाशी थांबतो. आमच्या कितीतरी आधी येथे येऊन या शहराची कष्टाची कामे उपसणाऱ्या सामोअन लोकांचा, म्हणजे पॅसिफिक महासागरातील सामोआ या बेटांच्या देशातून आलेल्यांचा, त्यात मागमूस नसतो. ऑकलंडच्या मांगेरे या उपनगरातील आमच्या शेजारच्या सामोअन आजींचे अलीकडेच निधन झाले, म्हणून हे पत्र.

आजींचा जन्म १९३८ चा, सवाइई बेटावरचा. सामोआ तेव्हा न्यूझीलंडच्या अमलाखाली होते. १ जानेवारी १९६२ रोजी ते स्वतंत्र झाले आणि पुढच्या काही वर्षांत, येथील कारखान्यांना माणसे हवी होती म्हणून, जे सामोअन आले त्यांत आजी होत्या. पॉन्सनबी भागातल्या भाड्याच्या घरात राहून त्यांनी रात्री कचेऱ्या झाडल्या, गावी पैसे पाठवले आणि धाकट्या भावंडांना एकेक करून येथे आणले. सत्तरच्या दशकात मंदी आली, नोकऱ्या आटल्या आणि हीच माणसे डोळ्यांत खुपू लागली. १९७४ ते १९७६ या काळात व्हिसाची मुदत संपलेल्यांच्या शोधात पोलीस पहाटे घरांत शिरत. मुदत उलटूनही राहिलेल्यांत पॅसिफिक बेटांवरचे लोक सुमारे एक तृतीयांश असताना खटल्यांत मात्र त्यांचे प्रमाण ८६ टक्के होते, असे ऐंशीच्या दशकातील पाहणीत आढळले. आजींची कागदपत्रे चोख होती, तरीही पासपोर्ट उशाखाली घेऊन झोपण्याची त्यांची सवय पुढे बरीच वर्षे सुटली नाही.

१९८२ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे न्यूझीलंडसाठी तेव्हा असलेल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, १९२४ ते १९४८ या काळात सामोआत जन्मलेल्यांना न्यूझीलंडचे नागरिक ठरवले आणि काही आठवड्यांतच येथील संसदेने कायदा करून तो हक्क काढून घेतला. जे त्या वेळी न्यूझीलंडमध्ये होते त्यांना अर्ज करून नागरिकत्व घेता आले, त्यामुळे आजींना ते मिळाले. सवाइईत राहिलेल्या त्यांच्या थोरल्या बहिणीला मिळाले नाही. एकाच आईच्या दोन मुलींत असा भेद करणाऱ्या कायद्याविषयी आजी कधी तावातावाने बोलल्या नाहीत. मला मात्र तो आजही संतापजनक वाटतो.

१ ऑगस्ट २०२१ रोजी पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी त्या धाडींबद्दल जाहीर माफी मागितली, तेव्हा सामोअन रीतीप्रमाणे आर्डर्न ‘इए तोगा’ नावाच्या चटईखाली बसल्या होत्या. केवड्याच्या जातीतील पानांच्या अगदी बारीक पट्ट्यांनी महिनोन्‌महिने विणलेली ही चटई हाताला कापडासारखी मऊ लागते. अपराधी तिच्याखाली बसतो आणि दुखावलेल्यांनी ती उचलली की क्षमा झाली. टीव्हीवर चटई उचललेली पाहून आजी म्हणाल्या, “उचलली ना? मग आता त्यांना जेवायला वाढा.”

जेवू घालणे हे त्यांचे खास खाते होते. रविवारी चर्चहून आल्यावर घरी तीन पिढ्यांची पंगत बसे. अळूच्या पानांत नारळाचे घट्ट दूध बांधून ते तापल्या दगडांवर भाजले जाई, आणि उरलेली कोवळी पाने कुंपणावरून आमच्याकडे येत. आम्ही त्यात चिंच का घालतो, हे कोडे त्यांना शेवटपर्यंत सुटले नाही. त्यांच्या अंत्यविधीला नातलगांनी आणलेल्या चटया एकेक उलगडून सर्वांना दाखवल्या गेल्या, आणि परत जाताना प्रत्येक घराला चटया, पैसे व डबाबंद मांसाची खोकी देण्यात आली. कोणाला काय द्यायचे, हे आजींनीच आधी थोरल्या मुलीला सांगून ठेवले होते.

आमच्याच मराठी घरांतून या लोकवस्तीबद्दल हिणकस शेरे ऐकू येतात, म्हणून हे मराठीत लिहिणे मला गरजेचे वाटले. नोव्हेंबर २०२४ मध्ये संसदेने १९८२ साली हिरावलेला हक्क परत मिळवण्याची वाट मोकळी केली. आजींची थोरली बहीण हयात आहे आणि तिच्या अर्जाची कागदपत्रे सध्या आजींची नात जुळवत आहे.

आपली,
एक वाचक, ऑकलंड