गाय बुटकी आहे, पण कुणाची आहे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बुटक्या गाईंच्या मागणीवर आपल्या अंकात आलेली बातमी वाचली. फोटोत बंगल्याच्या पोर्चमध्ये आंध्रातल्या बुटक्या पुंगनूर जातीची पांढरी कालवड, गळ्यात घुंगरमाळ आणि खाली तिची उंची इंचात. तिची आई कोण, बाप कोण, आई किती वेतं व्याली, यावर अक्षर नाही. बातमीदाराला दोष देत नाही. विकणारा तेवढंच सांगतो, घेणाराही तेवढंच विचारतो. माझी सगळी नोकरी शाहूवाडी आणि गगनबावडा तालुक्यांतल्या जनावरांच्या दवाखान्यांत गेली, म्हणून चार शब्द लिहितो.

आपल्याकडचा शेतकरी उसाचं बेणं घेताना कुणाच्या रानातलं, किती महिन्यांचं, लागणीचं की खोडव्याचं, सगळं खोदून विचारतो. लाखाचं जनावर घेताना मात्र तोच माणूस टेप काढतो आणि उंची बघून पैसे मोजतो.

जनावर लहान दिसतं ते रक्तानं लहान असतं, नाहीतर उपासमारीनं, नाहीतर वयानं. वडगावच्या बाजारात एका हेडीनं, म्हणजे दलालानं, माझ्यासमोर एक खोंड पुढं केलं. म्हणाला, "जुळलंय मालक, आता ह्येच्या वर जात न्हाई." मी खालचा ओठ ओढला. आठही दात दुधाचे, बारीक, एकही पडलेला नाही. पहिली जोडी पडून मोठे दोन दात येतात ते साधारण दोन ते अडीच वर्षांच्या सुमाराला, आणि जनावर जुळायला, म्हणजे सगळे दात मोठे यायला, साडेचार-पाच वर्षं जातात. म्हणजे हे नुसतं वासरू होतं. पोट सुटलेलं, केस राठ आणि उभे, डोकं धडाच्या मानानं मोठं. जंत आणि अर्धपोटी वैरण, दुसरं काही नाही. असलं खोंड चांगल्या दावणीला गेलं की वर्षभरात मालकाच्या छातीला लागतं आणि मग फसवल्याची बोंब होते.

लहान चणीची गुरं हिशेबानं कशी तयार होतात, याचा जगातला उत्तम दाखला ऑस्ट्रेलियातला आहे. न्यू साउथ वेल्समधल्या ट्रँगी इथल्या सरकारी संशोधन केंद्रात अँगस जातीचा कळप होता. १९७४ मध्ये त्याचे भाग पाडले. एकात वर्षाच्या आत झपाट्यानं वाढणारी जनावरं पैदाशीला ठेवली, दुसऱ्यात संथ वाढणारी, आणि तिसरा भाग तुलनेसाठी निवड न करता चालवला. पंधराएक वर्षांनी संथ वाढीच्या ओळीतली गुरं झपाट्यानं वाढणाऱ्या ओळीपेक्षा जवळपास ३० टक्के लहान झाली होती. १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ती विकली गेली आणि आज ती 'लोलाइन' नावाची स्वतंत्र जात आहे. यातली माझ्या मते लाखमोलाची गोष्ट अशी, की तिथं निवड उंचीवर झालीच नाही. झाली ती वाढीच्या वेगावर, तीही एकाच जागी, एकाच पावसात, एकाच चाऱ्यावर वाढलेल्या वासरांची आपसांत तुलना करून. वजनाच्या नोंदी होत्या, प्रत्येक वासराचा बाप ठाऊक होता. म्हणून त्यांना लहानपण रक्तातलं आहे हे छातीठोकपणे सांगता आलं.

उलट नुसत्या डोळ्याला भुलल्यावर काय होतं तेही पाहा. १९४० आणि १९५० च्या दशकांत अमेरिकेतल्या हेरफर्ड गुरांच्या प्रदर्शनांत ठेंगणी, भरीव जनावरं बक्षिसं मारू लागली. पैदासकारांनी त्याच वळूंचं रक्त सगळीकडं पसरवलं. थोड्याच काळात कळपांतून खुजी, घरघरत श्वास घेणारी, फार न जगणारी वासरं निघायला लागली. दोष आई आणि बाप दोघांकडून आला तरच दिसायचा, त्यामुळं वळू अंगानं देखणा असूनही दोष वाहून नेत होता. किती जणांनी असली वासरं गुपचूप पुरली असतील! शेवटी वंशावळी उकरून काढाव्या लागल्या आणि नामांकित घराणी पैदाशीतून बाद झाली. वळू तपासायची एक रीत अशी होती: दोष वाहणाऱ्या ठाऊक गाईंवर तो सोडायचा. सोळा वासरं ओळीनं निरोगी निघाली तर शंभरात ९९ भाग वळू स्वच्छ.

आयर्लंडच्या डेक्स्टर गाईत तर आखूड पायच रक्तातल्या दोषानं येतात. दोष आई किंवा बाप एकाकडूनच आला असेल तर जनावर छान बुटकं दिसतं. पण असा वळू आणि अशीच गाय एकत्र आली की चारातलं एक वासरू मुदतीआधीच मेलेलं पडतं, तोंड चेपलेलं आणि पाय खुंटासारखे. आता तिकडं जनुकीय चाचणी करून जोडी लावता येते. पुंगनूर किंवा केरळच्या वेचूर गाईत हा दोष आहे असं मी म्हणत नाही. म्हणणं एवढंच, की 'जितकी बुटकी तितकी अस्सल' हा बाजाराचा नियम आहे, पैदाशीचा नाही. त्यात मोजके वळू, त्यांच्याच लेकींवर तेच वळू, असं सुरू झालं की बोलायलाच नको.

कुणी म्हणेल, तिकडं ही गुरं मांसासाठी पाळतात, आपला काय संबंध? संबंध उलटा आहे. तिकडं निवडीत नापास झालेला खोंड कत्तलखान्यात जातो आणि त्याचं रक्त तिथंच थांबतं. आपल्या राज्यात २०१५ पासून वळू-बैलांच्या कत्तलीलाही बंदी आहे. त्या कायद्यावर मला इथं वाद घालायचा नाही. पण नापास खोंड वेळेत खच्ची केला नाही, तर तो गावभर मोकाट फिरतो आणि निवडलेल्या वळूपेक्षा जास्त गाई भरवतो. आपल्या घाटमाथ्यावर हेच चाललं आहे. वळू निवडण्याइतकंच खोंड खच्ची करणं महत्त्वाचं आहे, आणि त्याला कुणी हार घालत नाही.

आता नोंदींचं. कृत्रिम रेतनाची कांडी म्हणजे वळूचं वीर्य भरलेली बारीक नळी, पाव मिलीची. तिच्यावर जात, वळूचा क्रमांक आणि रेतन केंद्राची खूण छापलेली असते. गाय भरवून झाली की ही कांडी उकिरड्यावर जाते आणि कार्डावर वळू क्रमांकाचा रकाना कोरा राहतो. मी कितीतरी गोठ्यांत अशी कोरी कार्डं पाहिली आहेत. गाईच्या कानात बारा आकडी पिवळा बिल्ला, आणि तिच्या पोटातल्या वासराचा बाप उकिरड्यावर! शेतकऱ्यांनी रिकामी कांडी मागून घ्यावी, धुवावी आणि तारखेसह वहीत चिकटवावी. खर्च शून्य. पुढं त्याच वळूची कांडी त्याच्या लेकीला पडायची टळते.

गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीच्या डोंगरात आपली गावठी लहान गाय अजून आहे. आषाढात घसरड्या उतारावर चरते, खूर सडत नाहीत, थोड्या वैरणीत भागवते. घाटाखालच्या तिच्या बहिणीला, कोकण कपिलेला, कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेत स्वतंत्र जात म्हणून नोंद मिळाली. वरच्या गाईंचं मोजमाप तरी कुणी नीट करावं! आता हौसेपायी काही जण त्यांच्यावर बाहेरून आणलेले बुटके वळू सोडत आहेत. दोन पिढ्यांत ना धड पुंगनूर राहील, ना धड गावठी. केरळात १९८९ पासून डॉ. सोसम्मा आइप यांनी विद्यार्थ्यांना घेऊन गावोगाव उरलीसुरली वेचूर जनावरं शोधली आणि त्यांच्यातूनच जात पुन्हा उभी केली. त्यासाठी परराज्यातून वळू आणला नाही.

पशुसंवर्धन विभागाला आणि प्रदर्शनं भरवणाऱ्यांना माझी एकच सूचना. एकट्या वळूला बक्षीस देणं बंद करा. वळूसोबत त्याची निदान तीन वासरं, वेगवेगळ्या गाईंची, शेजारी बांधायला लावा. तिघांचे दात पाहा, छातीचा घेर घ्या, माकडहाडापाशी उंची मोजा, आणि वासरांच्या आया कुठल्या ते मांडवात फळ्यावर लिहा. मालकाला वासरं आणता येत नसतील तर वळू पाहायला ठेवावा, नंबरात धरू नये. येत्या हंगामात एखाद्या तालुक्यानं हे करायचं ठरवलं, तर फळा आणि टेप घेऊन मी येतो, मानधन नको.

आपला,
एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक
ता. शाहूवाडी, जि. कोल्हापूर