चाकू पोराच्या हातात, पण दिला कोणी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या इंदूर शहरातल्या चाकूबाजीवर तुमच्याकडे दोन पत्रं आली. एकात सगळा दोष आईवडिलांना, दुसऱ्यात सगळा पोलिसांना, आणि दोन्हीचा सूर एकच की आपल्या कॉलन्यांमधे हे नव्हतं, वस्त्यांमधून आलं. मला हे अजिबात पटलं नाही म्हणून लिहितेय.

माझं माहेर परदेशीपुऱ्याजवळचं, मिल एरियातलं. 1991 च्या डिसेंबरमधे हुकुमचंद मिल बंद झाली आणि थकबाकीचे 224 कोटी मंजूर होऊन साधारण 4,800 कामगारांच्या वाट्याला आले ते थेट 2023 च्या डिसेंबरमधे. मधली बत्तीस वर्षं बाप रिक्षा नाहीतर हम्माली करतोय, आई लोकांकडे पोळ्या लाटतेय, मग पोरगा दिवसभर कोणाच्या नजरेखाली होता? गरिबीमुळेच गुंड होतात असं मी म्हणत नाही, त्याच गल्लीतली बहुतेक पोरं आज सरळ नोकरीधंदा करतायत. पण ज्याला काम मिळालं किंवा आखाड्यातला कडक उस्ताद मिळाला तो सुटला आणि ज्याला एखादा भैया, म्हणजे गल्लीतला दादा, मिळाला तो गेला, हे मी जवळून बघितलंय.

भैया आधी गाडीत पेट्रोल टाकून देतो. मग त्याच्या वाढदिवसाच्या होर्डिंगवर खालच्या ओळीत पोराचा गॉगल लावलेला छोटासा फोटो येतो, आणि तो पोरगा तिथे उभा राहून स्वतःच्या फोटोचा फोटो काढतो, इतकं त्याला भारी वाटतं. मग कोणाचं दुकान खाली करवायचं असेल, वसुलीला जायचं असेल तर सोबत चल. पकडला गेला तर ठाण्यात फोनही भैयाचाच जातो. आणि सोळा सतरा वर्षांचाच पोरगा का निवडतात हे काय सांगायला हवं, नाबालिग आहे, लवकर सुटेल हा हिशोब पक्का असतो.

कायदा नाही असंही नाही. मुलांना बेकायदा कामाला लावणाऱ्या मोठ्या माणसाला 2015 च्या जुवेनाइल जस्टिस अॅक्टच्या कलम 83 खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांचा दंड आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम 95 आहे, त्यात तीन ते दहा वर्षं, वर तो गुन्हा खरंच घडला तर त्याचीही शिक्षा. पेपरात रोज वाचते की नाबालिग पकडला, पण त्याला पाठवणारा या कलमांखाली आत गेला हे मी तरी कधी वाचलं नाही.

नशेसाठी घेतात त्या झोपेच्या गोळ्यांचंही तेच आहे. अल्प्राझोलम, नायट्राझेपाम या शेड्यूल एच-1 मधल्या, म्हणजे कडक नियमांच्या सरकारी यादीतल्या गोळ्या, चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत, डॉक्टरचं आणि पेशंटचं नाव रजिस्टरमधे लिहून ते तीन वर्षं ठेवायचं असा नियम आहे. मग पोरांच्या खिशात अख्खी स्ट्रिप येते कुठून, आणि ते रजिस्टर उघडून बघतं कोण?

पोलिस काहीच करत नाहीत असं म्हणणार नाही. 2021 मधे कमिश्नर सिस्टम आली, बाउंड ओव्हर होतं म्हणजे चांगल्या वागणुकीची लेखी हमी घेतात, जिलाबदर म्हणजे तडीपारही होतं. पण पकडलेल्या पोराला कान पकडायला लावून भर रस्त्यात जुलूस काढला की त्याचे दोस्त तोच व्हिडिओ गाणं लावून टाकतात, म्हणजे वचक राहिला बाजूला, त्याचं नावच मोठं होतं. बीआरटीएसवरची, म्हणजे बसच्या खास मार्गावरची, रात्रभरची दुकानं 2022 मधे सुरू केली, 2024 मधे बंद केली, पण दुकानं बंद झाली म्हणून पोरं घरी जाऊन झोपली असं थोडंच आहे.

आईवडिलांची जबाबदारी आहेच, पोराकडे महागडा फोन आला तर कुठून आला हे विचारायलाच हवं. पण मग आपण कॉलनीवाले काय करतो? त्याच भैयाकडून गणपतीची वर्गणी घेतो, त्यालाच आरतीचा मान देतो, स्टेजवर शाल घालतो, आणि समोर बसलेली आपली दहावीतली पोरं ते बघत असतात. वस्तीकडे बोट दाखवण्याआधी याचं उत्तर आपण द्यायला हवं.

यंदा आमच्या मंडळाच्या मीटिंगमधे मी मांडणार आहे की ज्याच्यावर मारामारीची नाहीतर वसुलीची केस चालू आहे त्याची वर्गणी घ्यायची नाही आणि पंडालवर त्याचं होर्डिंगही लावायचं नाही. बाकीच्या मंडळांनीही हा विषय घ्यावा, आणि तुम्ही बातमी छापताना पोराला कोणी पाठवलं होतं हे पोलिसांना प्रत्येक वेळी विचारावं, एवढी विनंती.

आपली,
एक वाचक, सुदामा नगर, इंदूर