सात दिवसांत हरकत दाखल झाली पाहिजे! वृक्ष समितीला माणसे आणि मदत हवी आहे

सप्रेम नमस्कार,

पावसाळ्यापूर्वीच्या छाटण्या तोंडावर आल्या आहेत आणि रस्त्याकडेच्या झाडांवर पालिकेच्या झाडतोडीच्या नोटिसा दिसू लागल्या आहेत. नोटीस लागल्यापासून हरकतीला मिळतात फक्त सात दिवस. मधल्या सुट्ट्या धरूनच मोजा.

समिती आजवर टिकली ती आपल्याच लोकांमुळे, हे आधी सांगायला हवे. हार्डवेअरवाल्या काकांनी मोजपट्ट्या आणि कटावण्या दिल्या, त्याचे पैसे आजतागायत घेतले नाहीत. झेरॉक्सवाल्या ताईंनी हरकतींच्या प्रतींसाठी रात्री दुकान उघडले. वनस्पतिशास्त्राच्या सरांनी पानगळीतही झाड ओळखता यावे म्हणून मुलांना सालीवरून वड, पिंपळ, उंबर ओळखायला शिकवले. बचत गटाच्या भगिनींनी तर उन्हाळाभर बादल्यांनी पाणी घालून शाळेमागची रोपे जगवली. या सगळ्यांचे ऋण समिती विसरलेली नाही.

पण मनात आहे ते बोलतो. मागच्या हंगामात नोटिशीचा फोटो ग्रुपवर टाकला तेव्हा अंगठे भरपूर आले, हरकत घेऊन मात्र फारसे कोणी आले नाही. झाड गेल्यावर हळहळीचे संदेश आले. ते वाचून वाईट वाटले.

१९७५ च्या महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमात झाड ‘तोडणे’ म्हणजे नुसती कुऱ्हाड नव्हे. जाळणे आणि कोणत्याही प्रकारे इजा करणे हेही त्यात येते. स्वतःच्या सोसायटीच्या आवारातल्या झाडालाही परवानगी लागते. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला आणि तोडलेल्या झाडाचे वय जितके, तितकी रोपे लावण्याचे बंधन आले. म्हणून वय आणि घेर यांची नोंद आपल्याकडे तयार हवी. अर्जात झाड ‘लहान’ लिहिले असेल तर खोडून काढायला तोच पुरावा.

घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर मोजायचा. तिथेच खोडाला फाटा असेल तर फाट्याखाली, सर्वांत बारीक जागी. चार फोटो काढा: पूर्ण झाड, पट्टीसह खोड, पान किंवा फळ, आणि तारीख वाचता येईल अशी नोटीस. हरकतीत नोटिशीचा क्रमांक, झाडाचा क्रमांक, जात, घेर, नेमकी जागा लिहा. ‘शाळेजवळचा मोठा पिंपळ’ एवढेच लिहिलेली हरकत बाजूला पडते. कारण ‘धोकादायक’ दिले असेल तर पोकळी, बुंध्याची कूज, नव्याने आलेला कल यांपैकी काय आढळले ते विचारा. नुसत्या छाटणीने भागेल का, तेही विचारा. दोन प्रती न्या, दुसरीवर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय निघू नका. झाडाशी करवत दिसली तर आधी आदेश वाचायला मागा: ‘छाटणी’ची परवानगी दाखवून बुंध्यापर्यंत झाड उतरवले जाते, आणि तेही बहुधा सुट्टीच्या दिवशी.

रविवारी झाडांना ठोकलेले खिळे काढायचे आहेत. कटावणीखाली लाकडी फळी ठेवा, म्हणजे साल चेचत नाही. खिळा सरळ ओढा. सालीने गिळलेला खिळा कोरून काढू नका, त्या जखमेतून बुरशी शिरते. खोडात रुतू लागलेल्या लोखंडी जाळ्या कापायच्या आहेत, कारण साल आवळली की पानांत तयार झालेले अन्न मुळांपर्यंत उतरत नाही. बुंध्याभोवती एक मीटर माती मोकळी हवी. काँक्रीट फोडताना ब्रेकर वापरायचा नाही, छिन्नी-हातोडाच.

हवे आहे: प्रत्येक गल्लीत नोटिसा पाहणारा एक माणूस, आवक विभागात जाऊ शकणारे चार निवृत्त सभासद, पाच मीटरच्या कापडी मोजपट्ट्या, लोखंड कापायची कात्री, हातमोजे, फोटो छपाई व प्रतींचा खर्च. रक्कम कितीही चालेल. खजिनदारांकडेच द्यावी, पावती घ्यावी. रविवारी सकाळी सातला वाचनालयापाशी जमायचे. येताना पाण्याची बाटली आणि जाड तळाची चप्पल.

आपला,
सचिव, वृक्ष समिती