खालचा हॉल भाड्याने द्या

मुंबई, रविवार

ती. आई-बाबांस,
सा. न.

सांगायचं म्हणून तीनदा फोन लावला आणि तिन्ही वेळा भाजी काय केली, पाणी कधी आलं, एवढं विचारून ठेवून दिला. आईने ओळखलं असणारच. म्हणून लिहितेय.

सांगलीत दवाखाना काढायला मी येत नाही. इथल्या बर्न्स युनिटमध्ये, म्हणजे भाजलेल्यांच्या विभागात, कायमची जागा निघाली आणि मी ती घेतली, त्यालाही पंधरा दिवस झाले. आधी विचारायला हवं होतं. पण विचारलं असतं तर बाबा ‘तुला पटेल ते कर’ म्हणाले असते, आणि त्या आवाजात म्हणाले असते की मी तिथल्या तिथे युनिटला ‘नाही’ कळवून मोकळी झाले असते.

२०१९ च्या पुरानंतर खालची फरशी उपटून नवी घातली ती कोणासाठी, हे मला ठाऊक आहे. बोर्डापुरती भिंत रंगवून ठेवलीय तेही. बाबा, तुमचं म्हणणं चुकीचं नाही. प्लास्टिक सर्जन झालीस, नाक-डाग-केस यांचं काम घरी बसून होईल, दुपारी वर जेवायला येशील. माझ्या बॅचचे कितीतरी जण तेच करतात आणि वेळेवर झोपतात. मला मात्र भाजलेल्यांचंच काम येतं. आवडतं म्हणायला जीभ रेटत नाही, पण आवडतं.

तुमच्या वहीतल्यासारखं एक गणित घालते. पन्नास किलोची बाई, चाळीस टक्के भाजलेली. दर किलोला, दर टक्क्याला चार मिली: चार गुणिले पन्नास गुणिले चाळीस, म्हणजे आठ हजार मिली सलाईन चोवीस तासांत. त्यातलं निम्मं पहिल्या आठ तासांत. आता खोच अशी, की हे आठ तास भाजल्यापासून मोजायचे, दवाखान्यात आल्यापासून नव्हे. जव्हारकडून गाडी मिळून इथे पोचेपर्यंत तिचे पाच तास गेले आणि वाटेत कोणी सलाईन लावलं नाही, तर चार लिटर उरलेल्या तीन तासांत. पुढे लघवी बघत कमीजास्त करायचं. तुम्ही म्हणायचात, उत्तर बरोबर आलं तरी एकक लिहिलं नाही तर शून्य. इथे एकक म्हणजे घड्याळ.

हे सांगलीत का नाही, असं विचाराल. हा प्रश्न मला रात्री पडतोच, कारण माणसं तिकडेही भाजतात. पण एकटी सर्जन हॉलमध्ये बसून काय करणार? आजच्या स्लोव्हेनियातल्या मारिबोर नावाच्या गावातल्या झोरा यान्झेकोविच या सर्जन बाईंनी १९७० मध्ये लिहून ठेवलं, की जळालेली कातडी आपोआप सुटायची वाट बघू नका, पहिल्या काही दिवसांतच तासून काढा आणि जखम झाका. झाकायला कातडी लागते. पेशंटच्या अंगावर तेवढी उरलेली नसते, मग त्वचापेढीतली, दान आलेली लावतो. ती दोन-तीन आठवड्यांनी सुटून येते, पण तेवढ्या दिवसांत जीव तगतो. सायनच्या रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी २००० साली अशी पेढी उभी केली. पेढी, नर्सेस, फिजिओ, ऑपरेशनची खोली (ओटी) हे सगळं असेल तिथेच मला राहावं लागेल.

आई, तुला आवडेल अशी एक गोष्ट. डॉ. गोरे यांनी केळीच्या पानाचं ड्रेसिंग करून पाहिलं. निर्जंतुक केलेलं पान जखमेला चिकटत नाही, म्हणून सोडताना कळ येत नाही. त्याआधी वाडिया रुग्णालयात डॉ. केसवानी मुलांच्या भाजण्यावर उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी लावत. मला पुढची काही वर्षं हेच करायचंय: ड्रेसिंग सोडताना दुखणं कमी कसं होईल, तेही गरिबाच्या खिशात बसेल असं. वॉर्डात सकाळी ड्रेसिंगची ट्रॉली वाजली की मुलं आधीच रडायला लागतात. दूध उतू जाऊन माझं बोट भाजलं होतं तेव्हा तू फुंकर घालत बसली होतीस. फुंकरीने जखम बरी होत नाही, उलट जखमेत जंतू जातात. मी मात्र रडायची थांबले होते.

जेवणाची काळजी करू नकोस. डबेवाल्या काकू गुरुवारी वरण-भात देतात, तूप मी विकत आणलंय (तुझ्यासारखं नाही, पण आहे). आणि मी दिवसभर एसीत बसते हा तुझा समज काढून टाक. पेशंट गारठू नये म्हणून आमची ओटी मुद्दाम गरम ठेवतात, घाम पुसायला वेगळा माणूस लागतो.

आता नीट ऐका. बाबा, तुमची साखर जुनी आहे, पायांना चटका कळत नाही. थंडीत शेकायची पिशवी पायाला लावायची नाही, गरम पाण्याची बादलीही नाही. आंघोळीच्या पाण्यात आधी आईने कोपर बुडवून बघायचं. आई, देवापुढे निरांजन लावताना ती नायलॉनची साडी नको, आणि निरांजनापलीकडचं काही घ्यायला हात लांबवू नकोस. भाजलंच तर बांगड्या लगेच काढ, नळाखाली वीस मिनिटं धर. टूथपेस्ट, शाई, बर्फ, हळद काही नाही. हळद सांगलीची असली तरी नाही. मावशीच्या वेळचं मी काढत नाही, पण तूही ते विसरली नाहीयेस.

बाबांनी मागे त्वचादानाच्या फॉर्मचं विचारलं होतं, आणि आई ताट सोडून उठली होती. उत्तर द्यायचं राहिलंय. साखर असली तरी चालतं, रक्तगट जुळावा लागत नाही. गेल्यानंतर सहा तासांच्या आत पाय-मांड्यांवरचा, पाठीवरचा पातळ थर घेतात आणि पट्ट्या बांधून देतात. विद्रूप काही दिसत नाही. फॉर्म मी पाठवत नाहीये. आईला जेव्हा वाटेल तेव्हा, आणि नाही वाटलं तर नाही.

हॉल भाड्याने द्या. पिठाची गिरणी नको, वर हादरे बसतील. शिकवणीवाला मिळाला तर बाबांचंही मन रमेल.

दिवाळीत चार दिवस येते. तीन नाही, चार.

तुमची,
बेबी

ता. क. गीझरवाल्याला मी पैसे पाठवलेत. तो बुधवारी येईल, ‘अजून चालतोय की’ म्हणून परत पाठवू नका.