पंचनाम्यात साकवाचा मालक कोण?

महोदय,

पूर ओसरला किंवा भूकंपाचे धक्के थांबले की मदतीची पहिली घोषणा घरागणिक होते, आणि ती व्हायलाच हवी. पण पंचनाम्यात मालकाचे नाव लागते. गाळाने भरलेल्या सार्वजनिक विहिरीला, ओढ्यावरच्या वाहून गेलेल्या साकवाला, म्हणजे छोट्या पुलाला, कुणाचे नाव लावणार? त्यांचे नुकसान दुसऱ्या खात्याच्या अंदाजपत्रकात जाते आणि तिथे मंजुरीची वाट पाहत पडून राहते. मग घराचे पैसे खात्यावर जमा झालेले असतात, पण साकव नाही म्हणून विटांची गाडी ओढ्याच्या पलीकडेच उभी. डोक्यावरून विटा वाहून कुणी किती घर बांधणार?

निधीची तरतूद नाही असे नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी राज्यांच्या आपत्ती जोखीम व्यवस्थापन निधीतला ३० टक्के वाटा पुनर्बांधणीसाठी वेगळा ठेवायची शिफारस केली. माझा मुद्दा आहे तो पैसा कधी येतो आणि कामाचा क्रम कोण ठरवतो, याविषयी. 'आधी खर्च करा, बिले जोडा, मग रक्कम मिळेल' ही अट ज्याच्या गाठीशी पैसा आहे त्यालाच झेपते. सगळे वाहून गेलेल्या वस्तीने सुरुवात कशातून करायची?

नेपाळमध्ये २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर सरकारने घरामागे तीन लाख नेपाळी रुपये तीन हप्त्यांत दिले. करार झाल्यावर ५० हजार, जोत्याचे काम तपासल्यावर दीड लाख आणि शेवटी एक लाख. तपासणी हवीच, नाहीतर पुन्हा तशीच कच्ची घरे उभी राहतील. पण पहिल्या हप्त्यात जोते पुरे होत नाही म्हणून अनेकांनी कर्ज काढले. मदतच कर्जाला कारण ठरावी, हे मला फार खुपते.

आपल्याकडे ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाचा अनुभव आहे. काही गावे पूर्णपणे नव्या जागी वसवली गेली, तर हजाराहून अधिक गावांत घरमालकांनी सरकारी मदतीतून स्वतःच घरे दुरुस्त आणि मजबूत केली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर जड माळवद, म्हणजे मातीचे सपाट छप्पर, अशी ती घरे. भिंतीचे दोन्ही थर एकत्र बांधणारा आरपार दगड का घालायचा, पैसे कसे मिळणार, हे घरोघर पोहोचायला हवे होते. त्यासाठी गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून जोडले गेले. मला त्या सगळ्या प्रकल्पातली ही सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. साहेब आठवड्याने येणार, शेजारीण मात्र रोज भेटते.

तेव्हा शासनाला विनंती, की घरांचे पंचनामे चालू असतानाच ग्रामसभेने सामायिक नुकसानीची यादी करावी आणि आधी काय बांधायचे तेही तिनेच ठरवावे. हिशेब चावडीच्या फलकावर लागू दे, पुढचे हप्ते टप्प्याटप्प्याने तपासूनच मिळू देत. पहिला हप्ता मात्र बिलांची वाट न पाहता आणि साकवाचा पाया पुढच्या पावसाआधी पुरा होईल एवढा द्यावा.

आपला,
एक वाचक