दूर बसून करायच्या कामाला समोरासमोरची ओळख

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

घरबसल्या करता येणाऱ्या व्यवसायांविषयीच्या लेखांत व्हर्च्युअल असिस्टंटचा, म्हणजे दूर राहून इतरांच्या कार्यालयाची कामे सांभाळणाऱ्या सहायकाचा, उल्लेख हमखास असतो. ग्राहक कसे मिळवावेत हा प्रश्न आला की मात्र सल्ला संकेतस्थळ, समाजमाध्यमे आणि कामे मिळवून देणारी पोर्टल्स यांच्यापाशीच थांबतो. काही वर्षे हेच काम करत असल्याने सांगावेसे वाटते की माझे टिकून राहिलेले बहुतेक ग्राहक प्रत्यक्ष भेटीतून मिळाले आहेत आणि त्याचे कारण कामाच्या स्वरूपातच आहे.

ग्राहक आमच्या हाती काय सोपवतो, ते पाहावे: ईमेलचा पासवर्ड, भेटींचे वेळापत्रक, थकलेल्या बिलांची यादी. ज्याला कधी पाहिलेले नाही अशा माणसाकडे हे सारे देताना कोणीही कचरणारच, आणि पोर्टलवरच्या पाच ताऱ्यांनी ती धाकधूक जात नाही. तोच माणूस व्यावसायिकांच्या सभेला तीन-चारदा वेळेवर आलेला आणि ‘उद्या माहिती पाठवतो’ म्हणून खरोखर पाठवताना दिसला, तर बोलणे पुढे सरकते.

दुसरी अडचण नावाची. २०११ साली सिरी आणि २०१४ साली अलेक्सा आल्यापासून ‘असिस्टंट’ म्हटले की पुष्कळांना मोबाइलमधला आवाजच आठवतो. (एका गृहस्थांनी मला माझे ॲप कुठे मिळेल, असे विचारले होते.) समोर उभे असताना हा गैरसमज एका वाक्यात दूर होतो. हल्ली मी व्यवसायाचे नाव सांगतच नाही. ‘सल्लागारांच्या तुंबलेल्या ईमेल मी निस्तरते आणि त्यांच्या थकलेल्या बिलांचा पाठपुरावा करते’ असे सांगते, आणि ऐकणाऱ्याला तशी तुंबलेली एखादी व्यक्ती लगेच आठवते.

मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञांनी १९७३ सालच्या आपल्या निबंधात दाखवले होते की ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी बहुतेकांना तिची खबर जवळच्या मित्रांकडून नव्हे, तर अधूनमधून किंवा क्वचितच भेटणाऱ्या परिचितांकडून लागली होती, कारण जवळच्यांना जे ठाऊक असते ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते. आमच्या व्यवसायात असे परिचित म्हणजे हिशेब तपासनीस, वकील, संकेतस्थळे बनवणारे. कोणाचा कारभार हाताबाहेर चालला आहे, हे त्यांना आधी कळते. १९८५ साली सुरू झालेल्या बीएनआय या, एकमेकांना ग्राहक सुचवणाऱ्या व्यावसायिकांच्या संघटनेच्या गटांत एका व्यवसायाचा एकच सदस्य घेतात, त्यामुळे तेथे स्पर्धक भेटत नाही. तरीही समव्यावसायिकांना टाळू नये. आजारपणात माझी कामे सांभाळणारी आणि स्वतःला झेपेनाशी झालेली कामे माझ्याकडे पाठवणारी सहकारीण मला एका मेळाव्यातच भेटली.

चुकाही सांगायला हव्यात. पहिल्या मेळाव्यात मी सुमारे पन्नास कार्डे वाटली आणि एकही फोन आला नाही. पुढे मी कार्ड वाटण्याऐवजी ‘दर आठवड्याला तुमचे कोणते काम मागे पडते?’ असे विचारू लागले, मिळालेले उत्तर त्यांच्याच कार्डाच्या मागे टिपून ठेवू लागले आणि दोन दिवसांच्या आत त्या एकाच कामाविषयी लिहू लागले. ‘एवढे छोटे काम आधी करून पाहू’ हा प्रस्ताव सहसा नाकारला जात नाही.

अर्थात, आमचे उत्पन्न तासांवर चालते. दिसेल त्या सभेला जाणारा स्वतःचेच नुकसान करतो. एखादाच गट निवडून तेथे किमान सहा महिने नियमित जावे, हे बरे. आणि गप्पांच्या ओघात दुसऱ्या ग्राहकाच्या गोंधळाचे किस्से, नाव न घेताही, सांगू नयेत. ऐकणारा हसतो खरा, पण आपला पासवर्ड देण्याचा विचार तो त्याच क्षणी सोडून देतो.

आपल्या वृत्तपत्रातील पुढच्या लेखांत नवोदितांसाठी या बाजूलाही जागा मिळावी, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक वाचक