भिंतीवरच्या फोटोनंतरची अल्थिया

पुणे,
७ जुलै

प्रिय सुलू,

परवा एका लग्नात तुझी जुनी विद्यार्थिनी भेटली. तिच्याकडून कळलं की क्लबने टेनिसचं कोर्ट दुसऱ्या कुणाला तरी चालवायला दिलं, तुझी बॅच मार्चपासून बंद आहे आणि मध्यंतरी तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशनही झालं. मार्चपासून आपण फोनवर पाच-सहा वेळा तरी बोललो असू. दर वेळी तू माझ्या सुनेची चौकशी केलीस, आंब्याची पेटी पोचली का विचारलंस, आणि स्वतःबद्दल विचारलं की "मस्त चाललंय गं" म्हणालीस. मला फार राग आला तुझा. घरी येऊन साडी न बदलता तशीच बसून राहिले, आणि मग रडू आलं.

काल ६ जुलै होती. १९५७ साली याच तारखेला अमेरिकेची कृष्णवर्णीय टेनिसपटू अल्थिया गिब्सन विम्बल्डन जिंकली. आपला जन्मही झाला नव्हता तेव्हा, पण तारीख पाठ आहे ती तुझ्यामुळे. शेडमध्ये, रोलर उभा करायचीस त्याच्या वरच्या भिंतीवर, मासिकातून कापलेला तो फोटो होता: पांढऱ्या कपड्यांतली उंच, सडपातळ अल्थिया आणि समोर इंग्लंडची तरुण राणी. नवीन मुलगी आली की तू तिला त्या फोटोसमोर उभी करायचीस आणि गोष्ट सांगायचीस. ती गोष्ट नेहमी त्या फोटोपाशी संपायची. राणीने तबक दिलं, टाळ्या वाजल्या, चला मुलींनो, आता दहा फेऱ्या मारा.

गेल्या दोन वर्षांत मी तिच्याबद्दल मिळेल ते वाचलंय. तुला न सांगता वाचलं, कारण तुझ्या साठीला ते सगळं लिहून, बांधून द्यायचं मनात होतं. आता तेवढा धीर नाही. सुरुवातीचं निम्मं तुला माहीत आहे, तरी सुरुवातीपासूनच लिहिते. हातातलं काम सोडून वाच.

तिचा जन्म २५ ऑगस्ट १९२७ चा, साउथ कॅरोलिनातल्या सिल्व्हर नावाच्या खेड्यातला. आईवडील दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने कापूस पिकवायचे. मंदीत शेती बुडाली आणि १९३० मध्ये कुटुंब न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत आलं. ती राहायची ती १४३ वी गल्ली. पोरांना खेळायला जागा हवी म्हणून पोलिसांच्या क्रीडा मंडळाने दिवसा गाड्या बंद करून ती गल्ली अडवली होती, आणि डांबरावर रेघा मारून पॅडल टेनिसचं, म्हणजे लाकडी फळीने छोट्या जागेत खेळायच्या टेनिसचं, कोर्ट आखलं होतं. अल्थियाने घरातून बाहेर पडायचं आणि समोर कोर्ट! बाराव्या वर्षी, १९३९ मध्ये, ती पॅडल टेनिसमध्ये न्यूयॉर्क शहरातली महिला विजेती झाली.

पण ती गुणी मुलगी होती असं समजू नकोस. शाळा बुडवायची, घरी मार बसेल म्हणून रात्र रात्र भुयारी रेल्वेत काढायची. काही दिवस मुलांच्या आश्रयगृहातही राहिली. वडिलांनी तिला बॉक्सिंग शिकवलं होतं, कारण त्या वस्तीत मुलीला स्वतःला सांभाळता यायला हवं. तुझ्याकडच्या त्या भांडकुदळ पोरींवर तू जास्त जीव लावायचीस ना, तशीच होती ही.

बडी वॉकर नावाचा एक बँडवाला उन्हाळ्यात त्या गल्लीतल्या मुलांचे खेळ घ्यायचा. त्याने तिचा हात ओळखला आणि दोन जुन्या रॅकेट घेऊन दिल्या. भिंतीवर चेंडू मारत ती शिकायला लागली. मग कॉस्मोपॉलिटन क्लबच्या सभासदांनी, म्हणजे हार्लेममधल्या जरा बऱ्या परिस्थितीतल्या कृष्णवर्णीय लोकांनी, वर्गणी काढून तिची फी भरली. तिथे तिला शिकवलं फ्रेड जॉन्सनने. त्याला एकच हात होता. सुलू, मी तिथे वाचायची थांबले. एका हाताने चेंडू उडवायचा आणि त्याच हातातल्या रॅकेटने मारायचा! तू आपल्या मुलींना चेंडू नीट वर उडवायला शिकवण्यात अख्खे आठवडे घालवायचीस.

गोऱ्यांच्या स्पर्धांचे दरवाजे बंद होते, म्हणून कृष्णवर्णीयांची वेगळी संघटना होती, अमेरिकन टेनिस असोसिएशन. १९४६ मध्ये तिच्या महिला गटाच्या अंतिम फेरीत अल्थिया हरली, पण तो सामना दोन डॉक्टर बघत होते: विल्मिंग्टनचे ह्युबर्ट ईटन आणि लिंचबर्गचे रॉबर्ट वॉल्टर जॉन्सन. त्यांनी ठरवलं की या मुलीचं शिक्षण आणि टेनिस दोन्ही आपण करायचं. शाळेचे महिने ईटन यांच्या घरी, त्यांच्या मागच्या अंगणातल्या कोर्टावर सराव. उन्हाळा जॉन्सन यांच्याकडे. शाळा सोडून दिलेली मुलगी एकोणीस वर्षांची होऊन पुन्हा वर्गात बसली. दक्षिणेत बसमध्ये मागच्या बाकांवर बसायचं, ही अट तिला पहिल्यांदा रोजच्या रोज भोगावी लागली ती तिथेच. १९४७ पासून सलग दहा वर्षं ती त्या संघटनेची अजिंक्यपदं जिंकत राहिली. याच जॉन्सन डॉक्टरांनी पुढे विम्बल्डन विजेत्या आर्थर अ‍ॅशला घडवलं. त्या दोघांच्या नावाने आपल्याकडे एक तरी कोर्ट असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आता १९५०. गोऱ्यांची राष्ट्रीय स्पर्धा न्यूयॉर्कमधल्या फॉरेस्ट हिल्सला व्हायची. लेखी मनाई कुठेच नव्हती, पण तिथे निवड व्हायची तर आधी मोठ्या क्लबांच्या ग्रास कोर्टांवरच्या स्पर्धा खेळायला हव्यात, आणि ते क्लब तिला बोलवायचेच नाहीत. तेव्हा चार वेळा राष्ट्रीय विजेती झालेली अ‍ॅलिस मार्बल पुढे आली. टेनिसच्या एका मासिकात तिने उघड पत्र लिहून आपल्याच लोकांना खडसावलं. त्यानंतर दार किलकिलं झालं. त्या ऑगस्टमध्ये अल्थिया फॉरेस्ट हिल्सला उतरली. तिच्या आधी तिथे एकही कृष्णवर्णीय खेळाडू खेळला नव्हता.

दुसऱ्या फेरीत समोर लुईस ब्रॉ, विम्बल्डनची विजेती. पहिला सेट ब्रॉने ६-१ घेतला, दुसरा अल्थियाने ६-३. तिसऱ्यात अल्थिया ७-६ पुढे. तेव्हा टायब्रेकर नव्हता; दोन गेमची आघाडी मिळेपर्यंत खेळायचं. म्हणजे तिला एकच गेम हवा होता. आणि आभाळ फाटलं. वीज कडाडली आणि स्टेडियमच्या माथ्यावर बसवलेल्या दगडी गरुडांपैकी एक खाली कोसळला. सामना थांबला. एक गेम बाकी असताना अख्खी रात्र पडून राहायचं! आपण दोघी जिल्ह्याच्या दुहेरीत उपांत्य फेरीत पावसामुळे थांबलो होतो, आठवतं? काकूंनी रात्री वरणभात कालवून आपल्यासमोर ठेवला होता आणि दोघींच्याही घशाखाली उतरेना. सकाळी ब्रॉने ओळीने तीन गेम घेतले. ९-७. खेळ पुन्हा सुरू झाल्यापासून जेमतेम अकरा मिनिटं लागली.

पुढची पाच वर्षं तशी कोरडीच गेली. १९५१ ला विम्बल्डन खेळली, १९५३ ला पदवी घेतली, मग मिसुरीतल्या एका कॉलेजात शारीरिक शिक्षण शिकवू लागली. टेनिस सोडून सैन्यात जायचा विचार पक्का होत आला होता. तेवढ्यात अमेरिकी सरकारने चार खेळाडूंना आशियाच्या सदिच्छा दौऱ्यावर पाठवायचं ठरवलं. १९५५ चं साल. त्याच ऑगस्टमध्ये मिसिसिपीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाचा निर्घृण खून झाला होता आणि जगभर अमेरिकेची छीथू चालली होती. अशा वेळी अल्थियाला परदेशी मिरवण्यामागे सरकारचा काय हेतू असेल, ते तिलाही कळत असणारच. पण या दौऱ्याने तिचं टेनिस वाचवलं. ब्रह्मदेश, भारत, पाकिस्तान, सिलोन असा हा दौरा होता. आणि आपल्या भारतात, सुलू, तिला अँजेला बक्स्टन भेटली.

अँजेला इंग्लंडची, ज्यू. लॉस एंजेलिसच्या एका क्लबने ती ज्यू आहे हे कळल्यावर भरलेली फी परत करून तिला बाहेर काढलं होतं. खेळाडूंच्या घोळक्यात दोघीही एकट्या असायच्या. १९५६ मध्ये पॅरिसला फ्रेंच अजिंक्यपद स्पर्धेच्या उपांत्य फेरीत या दोघी समोरासमोर आल्या, अल्थिया जिंकली, मग अजिंक्यपदही तिने घेतलं. तिचं हे पहिलं मोठं विजेतेपद. त्याच स्पर्धेत दुहेरी दोघींनी मिळून जिंकली आणि महिन्याभरात विम्बल्डनचीही. लंडनमध्ये तिचा मुक्काम अँजेलाच्या घरी असे. त्याच वर्षी मनगटाच्या दुखण्याने अँजेलाचा खेळ संपला. बावीस वर्षांची होती. विम्बल्डनची दुहेरी जिंकलेल्या, एकेरीत उपविजेती ठरलेल्या या मुलीला विम्बल्डन भरवणाऱ्या ऑल इंग्लंड क्लबने अखेरपर्यंत सभासद करून घेतलं नाही.

१९५७ आणि ५८ तुला तोंडपाठ आहेत. विम्बल्डनच्या अंतिम फेरीत डार्लीन हार्डला ६-३, ६-२, राणीच्या हातून तबक, न्यूयॉर्कमध्ये रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या इमारतींतून कागदाच्या फितींचा पाऊस. मग फॉरेस्ट हिल्सला त्याच लुईस ब्रॉला हरवून राष्ट्रीय अजिंक्यपद, आणि दुसऱ्या वर्षी दोन्ही स्पर्धा पुन्हा. एकूण अकरा ग्रँड स्लॅम, म्हणजे टेनिसच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांतली विजेतेपदं, पाच एकेरीतली. तू मुलींना हे सांगायची नाहीस म्हणून मी सांगते: त्या मिरवणुकीला काही दिवसच झाले असतील, ती शिकागोजवळ स्पर्धा खेळायला गेली तर तिथल्या हॉटेलने तिला खोली दिली नाही.

आणि पैसा? शून्य. तेव्हा हौशी खेळाडूंनाच खेळायची परवानगी. बक्षीस म्हणून रोख काही घ्यायचं नाही. विम्बल्डनने पैसे द्यायला सुरुवात केली १९६८ ला, महिला विजेतीला ७५० पौंड. अल्थियाने १९५८ अखेर निवृत्ती घेतली, कारण घरभाडं द्यायचं होतं. एकतीस वर्षांची, जगात पहिल्या क्रमांकावर. मग तिने गाण्याची रेकॉर्ड काढली. हॉलिवूडच्या जॉन वेनच्या चित्रपटात गुलाम मोलकरणीचं काम केलं, पण कृष्णवर्णीयांच्या तोंडी घालायची ती मोडकी इंग्रजी बोलणार नाही म्हणून अडून बसली. हार्लेम ग्लोबट्रॉटर्सच्या बास्केटबॉल सामन्यांआधी रिकाम्या वेळात प्रदर्शनी टेनिस खेळली. सदतिसाव्या वर्षी, १९६४ मध्ये, महिलांच्या व्यावसायिक गोल्फमध्ये शिरली. तिथेही ती पहिलीच कृष्णवर्णीय. कित्येक क्लब कपडे बदलायला आत घेत नसत, तेव्हा गाडीत बसून बूट बदलायची. गोल्फमध्ये एकही स्पर्धा जिंकली नाही. मला ही तिची वर्षं विम्बल्डनपेक्षा मोठी वाटतात. हरत असताना, पन्नाशीपर्यंत, ती खेळायला जात राहिली.

पुढे न्यूजर्सीत क्रीडा खात्यात काम केलं, ईस्ट ऑरेंजमध्ये मुलांना शिकवलं. मग पक्षाघाताचे झटके आले. औषधाला पैसे नाहीत, भाड्याला नाहीत. लोकांनी आपल्याला असं पाहू नये म्हणून तिने दार लावून घेतलं, कुणाला भेटेना. सुलू, तुझी शेडमधली गोष्ट ज्या फोटोपाशी संपते, त्यातलीच ही बाई.

१९९५ च्या सुमाराला तिने अँजेलाला फोन केला. जगणं संपवायच्या विचारात होती. निरोप घ्यायला केलेला फोन होता तो. अँजेलाने तिला बोलत ठेवलं, पैसे पाठवायला लागली, आणि मग तिला न विचारता एका टेनिस मासिकात तिच्या हलाखीबद्दल पत्र छापून आणलं. जगभरातून पाकिटं यायला लागली. कुणी थोडे पाठवले, कुणी खूप. जवळजवळ दहा लाख डॉलर जमले म्हणतात. अल्थिया त्यानंतर आठ वर्षं जगली, २८ सप्टेंबर २००३ पर्यंत. तिच्यानंतर ग्रँड स्लॅम एकेरी जिंकलेली पहिली अमेरिकन कृष्णवर्णीय मुलगी म्हणजे सेरेना विल्यम्स, १९९९ मध्ये. तो दिवस तिला बघता आला तो त्या एका फोनमुळे. २०१९ मध्ये न्यूयॉर्कला अमेरिकन ओपनच्या आवारात तिचा पुतळा बसला तेव्हा पंच्याऐंशीची अँजेला तिथे हजर होती.

मी त्या फोनचाच विचार करत बसते. राणीच्या हातून तबक घेतलेल्या बाईला एका मैत्रिणीला "मला जमत नाहीये गं" एवढं म्हणायला किती जड गेलं असेल! तरी तिने नंबर फिरवला. तू मला ते सांगितलं नाहीस. बावीस वर्षं पहाटे साडेपाचला कोर्टावर पाणी मारून, चुन्याच्या रेघा आखून उभी राहिलेली तू, आणि मला ही बातमी लग्नाच्या पंगतीत तिसऱ्याच कुणाकडून कळावी!

मी शनिवारी सकाळच्या स्वारगेट–सांगली एसटीने येते आहे. चार दिवस राहीन. तुझ्या जुन्या मुलींपैकी सात-आठ जणींचे नंबर त्या विद्यार्थिनीकडून घेतलेत आणि तुला न विचारता त्यांना फोनही केलेत. रविवारी त्या घरी येतील. तुला रागावायचं असेल तर मी समोर असताना रागाव. स्वयंपाकाचं काही करू नकोस, गुडघ्याला जप.

फोटो शेडमध्येच राहिलाय असं ती म्हणाली. सोमवारी आपण दोघी जाऊ आणि मागून आणू.

तुझीच,
मंदा